एक नंबरमधलं वारं

हिंदुराव चौगुले कुणाच्याही घरी गेले की चपला काढण्याआधी शर्टाच्या खिशातून टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी काढतात आणि ती दाराच्या फटीशी धरतात. पट्टी कुठे झुकते ते निरखतात, "हं" म्हणतात आणि मगच घरच्यांना नमस्कार करतात. यजमान तोवर हात जोडून उभा असतो.

माझ्या मुलीच्या लग्नाची बोलणी करायला जयसिंगपूरला जाताना मी त्यांना बरोबर नेलं. आमच्या बाजूने कुणीतरी वजनदार माणूस हवं, असं माझ्या मिस्टरांना वाटत होतं, कारण ते स्वतः बोलत नाहीत. चौगुल्यांकडे वजन आहे, आवाज आहे आणि मिशी आहे. मिशी अशी की समोरचा आधी मिशीशी बोलतो आणि मग माणसाशी. तर या वजनदार माणसाने मुलाकडच्यांच्या सोफ्यावर बसण्याआधी उंबऱ्यावर पट्टी धरली, मग माजघराच्या दाराशी धरली, मग कुणाला न विचारता स्वयंपाकघरापर्यंत गेले आणि परत येऊन म्हणाले, "पावणं, तुमच्या स्वयंपाकघरातलं वारं देवघरात चाललंय. देवाला रोज खर्ड्याचा ठसका लागत असणार."

पोहे आणणारी मुलाची काकू जागीच थांबली. मी मनातल्या मनात दुसरं स्थळ शोधायला लागले. तेवढ्यात मुलाची आई म्हणाली, "तरीच! दिवा लावताना मला रोज शिंका येतात!" मग सगळे उठून स्वयंपाकघरात गेले. धूर बाहेर फेकायचा पंखा उलटा बसवला होता, आणि तो मुलाच्या वडिलांनी स्वतः बसवला होता. लग्न जमलं. मुलाचे वडील अजून चौगुल्यांशी बोलत नाहीत.

आमच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात चौगुले मेंटेनन्सचे इंजिनिअर आहेत आणि मी ऑपरेशन थिएटरची इनचार्ज सिस्टर. म्हणजे भिंतीच्या आतलं सगळं माझं आणि भिंतीच्या आतून जाणारं सगळं त्यांचं. मूळचे ते मुरगूडकडचे. इकडे येण्याआधी बरीच वर्षं इचलकरंजीला सूतगिरणीत होते. तिथे हवेतला ओलावा आणि उडणारा कापूस सांभाळायचं काम त्यांच्याकडे होतं. हवा बिघडली की सूत तुटायचं. "तितं सूत तुटायचं, सिस्टरबाई. हितं माणूस तुटतंय," असं ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले. मी म्हटलं, "आधी गळका नळ बघा."

नळ त्यांनी बघितला, पण नळ, लिफ्ट, जनरेटर ही त्यांच्या लेखी पोटापाण्याची कामं. जीव वाऱ्यात. मिसळ खायला गेलो तर त्यांना वाऱ्याच्या हिशोबाने जागा लागते. एकदा तीन टेबलं बदलली. शेवटी जिथे बसलो तिथे वारं झकास होतं आणि कट गार झाला होता. त्यांनी मालकाला बोलावून सांगितलं, "मिसळ तुमची चांगली हाय, बाकीच्या टेबलांचं वारं खराब हाय." मालक म्हणाला, "वाऱ्याचं बिल लावलं न्हाय, साहेब."

थिएटरच्या वाऱ्याचं म्हणाल, तर गोष्ट सोपी आहे. एक नंबरच्या थिएटरात टेबलाच्या बरोबर वर, छतातून गाळलेली स्वच्छ हवा खाली पडते, पेशंटवरून जाते आणि खालच्या कोपऱ्यांतून निघून जाते. आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त ठेवायचा, म्हणजे फटीतून हवा बाहेरच जाईल आणि व्हरांड्यातली धूळ आत येणार नाही. दार उघडं राहिलं की सगळं मुसळ केरात. म्हणून चौगुल्यांची आमच्या मजल्यावरची मुख्य घोषणा एकच: "दार!"

हाडांचे डॉक्टर मगदूम यांना ऑपरेशन सुरू होण्याआधी फोनवर बोलत आत-बाहेर करायची सवय. एकदा चौगुल्यांनी त्यांना दाराशी गाठलं.

"डॉक्टर, म्हशीच्या गोठ्याचं दार बी दिवसातनं एवढ्या वेळा उघडत न्हाईत."

"चौगुले, मी सर्जन आहे."

"व्हय की. म्हशीला जे कळतंय ते तुमास्नी बी कळंल."

मगदूम आठवडाभर माझ्याकडे तक्रार करत होते. मी म्हटलं, "डॉक्टर, दार लावून बोला."

एक नंबरची ही हवा पूर्वी दिवसरात्र एकाच जोरात चालायची. ऑपरेशन असो वा नसो, आत माणूस असो वा नसो. चौगुल्यांना हे बघवत नसे. "पैलवान गावाला गेलाय आन् तालमीत दूध-बदाम चालूच!" असं ते दर मीटिंगला म्हणायचे. ट्रस्टचे अध्यक्ष आबासाहेब दर मीटिंगला हसायचे आणि पुढचा विषय घ्यायचे. शेवटी चौगुल्यांनी पुण्याच्या एका कंपनीची नवी यंत्रणा शोधून आणली. आत कोणी आहे का हे ती स्वतः ओळखते. माणसं आली की वारं वाढवते, गेली की कमी करते, पण दाब सोडत नाही. दाराबाहेर एक दिवा. वारं जोरात असेल तर हिरवा, मंद असेल तर निळा.

आबासाहेब म्हणाले, "एका थिएटरात बसवून बघू. उसाचा हंगाम संपेपर्यंत विजेचं बिल उतरलं, तर वाचलेल्या पैशात दोन आणि तीन नंबरलाही तसलं छत आणि तसली हवा करू. नाही उतरलं तर हा विषय परत माझ्यापुढे आणायचा नाही."

यात खेळ मोठा होता. दोन नंबरला बाळंतपणाची ऑपरेशनं होतात, आणि तिथली हवा म्हणजे साधा एसी आणि देवावर भरवसा. मलाही ते छत हवं होतं. पण चौगुल्यांना एवढ्यावर थांबता येतंय का! भर मीटिंगमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "बिल न्हाई उतरलं तर मिशी उतरवीन."

दिवाळीनंतर यंत्रणा सुरू झाली. पहिल्यांदा दिवा निळा झाला तेव्हा चौगुले दाराबाहेर ओठावर बोट ठेवून उभे होते. "झोपलं," ते मला म्हणाले. तेव्हापासून नियम झाला. दिवा निळा असताना कुणी आत जायचं नाही. झाडणारी मावशी विसरलेली बादली आणायला आत गेली तर तिला म्हणाले, "बाळ निजवलंय मी तितं, मावशी. आन् तू बादली घिऊन नाचतीयास!" मावशीने मला विचारलं, "ह्यांच्या घरात कोन न्हाय का वो, निजवायला?" मी म्हटलं, बायको आहे. मुलं नाहीत. याहून जास्त मलाही माहीत नव्हतं. चौगुले जगाच्या स्वयंपाकघरात शिरतात, पण आपल्या घरचं बोलत नाहीत.

पहिल्या महिन्याचं बिल आलं. उतरलं होतं, पण लाजत लाजत. दुसऱ्या महिन्याचं तेवढंही नाही. पुण्याचा इंजिनिअर येऊन तपासून गेला. म्हणाला, "यंत्र ठीक आहे. पण दुपारी तुमची ऑपरेशनं संपल्यावरही आत कोणीतरी असतं, असं ते म्हणतंय. म्हणून वारं कमी करत नाही."

"दुपारी आत कोणी नसतं," मी म्हटलं. सकाळची ऑपरेशनं संपली की आम्ही जेवतो, मग मी खालच्या मजल्यावर हत्यारं निर्जंतुक करायच्या खोलीत असते. संध्याकाळपर्यंत एक नंबर बंद. संध्याकाळी परत सगळं पुसून घ्यायचं.

ही बातमी मजलाभर पसरायला वेळ लागला नाही. मावशीने जाहीर केलं की एक नंबरात कोणतरी हाय, आणि ते आपल्यातलं न्हाय. दुसऱ्या दिवशी थिएटरच्या दाराला लिंबू-मिरची लटकली. मी कान टवकारून बसले. निर्जंतुक भागाच्या दाराला लिंबू, म्हणजे आता चौगुले छप्पर डोक्यावर घेणार. चौगुले आले, त्यांनी लिंबाकडे बघितलं, हळूच सोडवलं आणि खिशात टाकून निघून गेले. एक शब्द नाही.

तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली. जो माणूस मिसळवाल्याला सोडत नाही, तो लिंबाला सोडतो?

त्या दिवशी मी जेवणाचा डबा अर्धा ठेवून वर आले. एक नंबरचा दिवा हिरवा. दार बंद. टोपी, मास्क, चपला घालून मी दार ढकललं.

भुतावर माझा विश्वास नाही, पण समोर जे होतं त्याला काय म्हणावं हे मला लगेच सुचलं नाही. मध्ये टेबल. टेबलाशेजारी सर्जनच्या गोल स्टुलावर हिरवा गाऊन, टोपी, मास्क आणि थिएटरच्या चपला घातलेली एक बारकीशी बाई, दोन्ही हात मांडीवर ठेवून, फोटोला बसल्यासारखी बसलेली. आणि कोपऱ्यात तसल्याच वेषात हिंदुराव चौगुले, हातात टिश्यूची पट्टी धरून.

"हे ऑपरेशन थिएटर आहे की रंकाळा चौपाटी?" मी म्हटलं.

चौगुल्यांनी पट्टी पाठीमागे लपवली. बोलली ती बाई. दर चार शब्दांनी थांबून, श्वास गोळा करून.

"म्हणलंतं मी ह्यास्नी... बाई वरडत्याल. कशाला हात लावला न्हाई हं, सिस्टरबाई. कवाधरनं... नाकाला खाजतंय, पर खाजवाय बी सोडंनात."

"हात नाकाला लावायचा न्हाई म्हणून सांगितलंय," चौगुले कोपऱ्यातून सवयीने म्हणाले.

"आमची मंडळी," मग मला म्हणाले. "मालन."

मालनवहिनींचं माहेर इचलकरंजीचं. लहानपणापासून मागावर सुताच्या कांड्या भरत वाढल्या. कापसाची धूळ छातीत कधी बसली ते कळलं नाही. एरवी निभतं. पण त्यांचं घर शहराच्या कडेला, उसाच्या रानाला लागून. ऊसतोड सुरू झाली की शेतकरी फडातलं वाळकं पाचट पेटवतात. काळी काजळी उडत येऊन गच्चीवर, वाळवणावर, अंथरुणावर पडते. आमच्या नाकाला जे चुरचुरतं, त्याने वहिनींचा श्वासच अडतो. एक नंबरच्या छताखाली तो मोकळा होतो. म्हणून हंगामात रोज दुपारी, मागच्या जिन्याने, पाय धुऊन, कपडे बदलून.

"किती वर्षं चाललंय हे?" मी विचारलं.

"दोन हंगाम झालं. ह्यो तिसरा."

"आणि दोन हंगाम कुणाला कळलं नाही?"

"जुन्या मशीनला काय कळतंय? ते आपलं आंधळं. आत कोण असू दे, नसू दे, वारं सोडत बसायचं." मग हातातल्या पट्टीची घडी घालत म्हणाले, "नव्याला कळतंय."

आणि ते नवं आणलं कुणी? भांडून, मिशी पणाला लावून?

"तुम्हाला माहीत होतं ना की ते ओळखणार?"

"मला वाटलं, बारीक हाय, हालली न्हाई तर दिसायची न्हाई. म्हणून हालू देत नव्हतो, मी बी कोपऱ्यात दगडासारखा. पर ते हालचालीवर एकट्यावर न्हाई, सिस्टरबाई. श्वासावर बी हाय." त्यांनी छताकडे बघितलं. आवाजात तक्रार होती आणि, खोटं कशाला सांगू, कौतुकही होतं. "हिचा येवढा तुटका श्वास. डॉक्टरास्नी छातीला नळी लावून ऐकू येत न्हाई. त्यानं बरोबर धरला."

मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण थिएटर म्हणजे थिएटर. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे एका आजोबांचा गुडघा बदलायचा होता.

"उद्यापासून नाही," मी म्हटलं.

"उद्यापासून न्हाई," चौगुले म्हणाले.

"मी तर म्हणतच व्हते," वहिनी म्हणाल्या आणि उठता उठता नाक मनसोक्त खाजवून घेतलं.

मी थिएटर पुन्हा धुऊन घेतलं. मावशीला सांगितलं, भूत गेलं. मावशी म्हणाली, लिंबाचा गुण.

पण बिलं तर झाली होती, आणि मीटिंग ठरली होती. आबासाहेब, डॉक्टर मगदूम, पुण्याचा इंजिनिअर, चौगुले आणि मी. आबासाहेबांनी चष्मा लावला, काढला. "चौगुले, पैलवान गावाला गेला तरी दूध-बदाम चालूच दिसतंय."

इंजिनिअरने परत सांगितलं की यंत्राच्या मते दुपारी आत माणूस होतं.

मगदूम वाटच बघत होते. "रिकाम्या खोलीत याला माणसं दिसतात! असल्या सेन्सरवर पेशंट सोडायचे? काढून टाका हे. दोन आणि तीनचा विषयही संपवा."

आता चौगुल्यांना सोपं होतं. सेन्सर खराब निघाला असं म्हटलं असतं, तर मिशी वाचली असती. दोष पुण्याच्या माथी. पण मग दोन नंबरचं छतही गेलं असतं. आणि सेन्सर खरा म्हटलं, तर आत कोण होतं?

चौगुले उभे राहिले. "सेन्सर खरं बोलतोय. आत मी असायचो."

"तुम्ही? कशाला?"

"झोपायला."

 मग आबासाहेब असे हसले की चहा सांडला.

"सगळ्यांना दार लावा, दार लावा म्हणून, आत ढाराढूर?" मगदूम म्हणाले. इतके खूश मी त्यांना पोराला मेडिकलला सीट मिळाली तेव्हाही पाहिलं नव्हतं.

"वारं गार असतंय," चौगुले भिंतीकडे बघत म्हणाले.

आबासाहेबांनी माझ्याकडे बघितलं. "सिस्टर, खरंय हे?"

"मीच हाकलून काढलं त्यांना," मी म्हटलं. यात एकही शब्द खोटा नव्हता.

शेवटी पुण्याच्या इंजिनिअरनेच तोड काढली. झोपणारे साहेब बाहेर राहिले तर उरलेल्या हंगामात काय होतं ते बघू. आबासाहेब तयार झाले. "पण चौगुले," ते म्हणाले, "मिशीचं बोलणं हंगामावर नव्हतं, बिलावर होतं. आणि बिल समोर आहे."

"व्हय," चौगुले म्हणाले. उठले, बाहेर पडले. दुपारी परत आले तेव्हा मी ओळखलंच नाही. नाकाखाली एवढी मोठी मोकळी जागा, आणि खाली तोंड अगदी लहान, पोरासारखं. मजलाभर लोक त्यांना बघायला येऊन गेले. मावशी पदर तोंडात धरून जिन्यात जाऊन हसली. पुढे कित्येक दिवस कुणी ना कुणी विचारायचं, "साहेब, उशी आणू का?" चौगुले एवढंच म्हणायचे, "दार!"

बिल त्या महिन्यात उतरलं. पुढच्या महिन्यात आणखी. हंगाम सरता सरता दोन आणि तीन नंबरला मंजुरी मिळाली. आबासाहेबांनी मला फोनवर सांगितलं तेव्हा चौगुले सुट्टीवर होते. माझ्याकडे सासूबाईंचं वाफ घ्यायचं मशीन पडून होतं, चालू स्थितीत. ते कुणाच्या तरी उपयोगी पडावं म्हणून मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेले.

शेवटचे फड पेटले होते. अंगणातल्या तुळशीवर काजळी, बाजेवर काजळी. चपला काढताना माझी नजर आपोआप दाराच्या फटीकडे गेली. पुढचं दार सताड उघडं होतं! चौगुल्यांच्या घरचं!

ते पुढच्या खोलीत, सोप्यात होते. आतल्या खोलीच्या बंद दाराबाहेर खुर्ची टाकून बसलेले. खोलीच्या खिडकीला त्यांनी पत्र्याचा खोका बसवला होता, त्यात बारका पंखा आणि हवा गाळायच्या जाळ्या. फटींना सगळीकडे पट्ट्या चिकटवलेल्या. आणि दाराच्या फटीशी दोऱ्याने बांधलेली टिश्यूची पट्टी.

"मेथी निवडू का नगं?" ते दाराशी बोलत होते.

"निवडा की," दारामागून वहिनींचा आवाज आला. "देठं घिऊ नगासा... मागच्या वक्ताला सगळी देठंच व्हती."

मी मशीन खाली ठेवलं. मंजुरीची बातमी सांगितली. त्यांनी मान हलवली, बरं झालं म्हणाले. ओठावर खुंट आले होते.

"तुम्ही बाहेर का बसलाय? आत बसा की त्यांच्याजवळ."

"पंखा बारका हाय, सिस्टरबाई. एक माणूस वाढलं की तेवढं वारं वाढवाय लागतंय. ह्येला जमत न्हाई." त्यांनी शर्टावरची काजळी झटकली. "आन् माझ्या अंगावर हे. हाय तेवढं तिला पुरतंय. जेवायला बसतो की आत, आंघोळ करून."

"कोण आलंय वो?" आतून आवाज.

"सिस्टरबाई."

"वरडाय आल्यात का?"

"न्हाई. मशीन घिऊन आल्यात."

"मग त्यास्नी च्या टाका. आन् तुमी बी घ्या, सकाळधरनं बसलाय तितंच."

चौगुले मेथीची जुडी माझ्या मांडीवर ठेवून चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले. मी त्यांच्या खुर्चीत बसले आणि देठं सोडून पानं निवडू लागले. बाहेर फड तडतडत होता. फटीशी पट्टी माझ्या बाजूला झुकलेली होती, जराशी थरथरत. मी मेथी कमी आणि तिच्याकडेच जास्त बघतेय, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

"सिस्टरबाई," स्वयंपाकघरातून चौगुल्यांनी विचारलं. आवाज इतका खाली, की मला वाटलं दुसरंच कोणी बोलतंय. "पट्टी बाहेरच हाय न्हवं?"

"बाहेरच आहे," मी म्हटलं. "तुम्ही सावकाश या."